दुसरा बोर्ड एकच पायरी लहान हवा

उभं राहून वल्हवत लाटेवर स्वार होण्याचा खेळ हवाईतला. वायकिकीच्या किनाऱ्यावर तो रुजला आणि 2000 नंतर लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यामुळे जगभर पोहोचला. शिकणाऱ्याचा पहिला पॅडलबोर्ड साधारण साडेदहा फूट लांब, 32 इंच रुंद असतो. संथ पाण्यावर तो उत्तम. उभ्या लाटेवर मात्र त्याचं नाक पाण्यात घुसतं आणि वळता वळत नाही.

मग दुसरा बोर्ड घेताना अनेकजण थेट साडेसात फुटी, निमुळता बोर्ड उचलतात. इथेच घात होतो.

बोर्डचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. 80 किलोच्या माणसाला असा 100 लिटरचा बोर्ड कसाबसा तोलतो; फेसाळ पाण्यात लाटेची वाट पाहतानाच पोटऱ्या भरून येतात. त्याच माणसाने नऊ फुटांच्या आसपासचा, 30 इंच रुंद, 125 ते 130 लिटरचा, नाक वर उचललेला टणक बोर्ड घ्यावा. हवा भरायचा बोर्ड लाटेच्या उतारावर तितकी पकड घेत नाही.

विकत घेण्याआधी नवा बोर्ड वाऱ्याच्या दिवशी भाड्याने घेऊन पाहावा. पहिला बोर्ड मात्र विकू नये. सपाट पाण्यासाठी तोच लागतो.