सुगृहिणीचे हितगुज : आधी मासा पाहावा, मग मसाला वाटावा

चार दिवस लाडू-करंज्या झाल्या, की पाचव्या दिवशी घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. "आज काही झणझणीत नाही का?" हे आधी कोणी विचारायचे, एवढेच बाकी असते. मत्स्याहारी घरांत त्याचे उत्तर ठरलेले. त्यातून दिवाळीच्या सुमारास कोकणात बांगड्याचा हंगाम असतो. तेव्हा भगिनींनो, यंदा सावंतवाडी तालुक्यातल्या इन्सुलीकडच्या चुलीपाशी जाऊ या.

इन्सुली हे बांद्याजवळचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. तेथून समुद्र दिसत नाही. समुद्राची मासळी वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावरून यायची. म्हणजे आपल्या शहरातल्यासारखेच! मासा दारात येतो तो थोडाफार प्रवास करूनच. म्हणून मसाल्याआधी परीक्षा हवी.

ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर व चकचकीत असतो, कल्ले लाल असतात, आणि बोटाने दाबले तर खळगा लगेच भरून येतो. वास समुद्राचा यावा, उग्र नव्हे. एकाच खुणेवर विसंबू नये. सगळ्या जुळल्या तरच मासा घ्यावा.

ही परीक्षा मसाला लावण्यापूर्वीच का? कोकमाच्या आंबटपणाने मासळीचा उग्र वास पुष्कळसा दबतो. ताज्या माशाला हा गुण खुलवतो, पण शिळ्या माशाचे पाप झाकतो! शिवाय बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात वा उबेत राहिले, तर त्यांत जंतूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते कितीही उकळले तरी जात नाही, आणि दर वेळी वासानेही कळत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. तेव्हा बाजारातून थेट घरी यावे, वाटेत लांब असेल तर मासे बर्फात घालून आणावेत, आणि लगेच शिजवायचे नसतील तर साफ करून शीतकपाटात ठेवावेत. संशय आला, तर पैशांकडे न पाहता टाकून द्यावेत.

आता तिखला. मध्यम आकाराचे सहा बांगडे पोट साफ करून अख्खे धुवावेत. तुकडे केल्यावर फार धुतले तर चव पाण्यात जाते. प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे करून मीठ-हळद चोळावी. एक वाटी ओले खोबरे, भिजवलेल्या 10 बेडगी मिरच्या, चमचाभर धणे व थोडी हळद गंधासारखी बारीक वाटावी. वाटण पातेल्यात काढून दीड वाटी पाणी, सहा-सात आमसुले व बेताचे मीठ घालून उकळी आणावी. मग तुकडे सोडावेत आणि मंद विस्तवावर सात-आठ मिनिटे शिजू द्यावेत. डाव मुळीच फिरवू नये. पातेले फडक्याने धरून हलकेच हलवावे, म्हणजे तुकडे मोडत नाहीत.

यातला खरा मानकरी तिरफळ. 10-12 तिरफळे घेऊन आतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात, साली जराशा ठेचून कोमट पाण्यात टाकाव्यात आणि उतरवण्याआधी पाण्यासकट घालाव्यात. वाटणात वाटू नयेत. त्यांचा उग्रपणा इतर चवींना मारतो. शेवटी दोन चमचे कच्चे खोबरेल वरून सोडून लगेच झाकण ठेवावे. कांदा नको, फोडणी नको. अर्धा तास मुरू द्यावे. जेवताना तिरफळाच्या साली ताटाच्या कडेला काढायच्या असतात, हे मुलांना व पाहुण्यांना आधीच सांगावे, नाहीतर जीभ बधिर झाल्यावर गृहिणीलाच बोल लागतो!

चार तुकडे तळायचे असतील तर मीठ, हळद, तिखट व आगळ लावून पाव तासातच तांदळाच्या पिठात घोळवावेत. आंबटात फार वेळ राहिलेला मासा निबर होतो.

सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असावी. तिखला उरलाच, तर गार होताच शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला उकळून घावनांबरोबर वाढावा. मुरलेल्या तिखल्याची चव पहिल्या दिवसाहून काकणभर सरसच लागते. मात्र बहुतेक घरांत तो उरतच नाही, हे तुम्ही जाणताच!