पुठ्ठ्याची आगगाडी

आपल्या देशात प्रवाशांना घेऊन पहिली आगगाडी केव्हा धावली, असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतील : १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास. त्या गाडीच्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावेही काहींना मुखोद्गत असतील. परंतु तुमच्या तालुक्यातून जाणारा रूळमार्ग कोणी घातला, कशासाठी घातला आणि त्यावरून प्रथम काय वाहून नेले, असा प्रश्न केला तर वर्गात शांतता पसरेल. मोठ्या मार्गांचा इतिहास पुस्तकांत आला. लहान मार्गांचा इतिहास मात्र ज्यांनी त्यांवर काम केले त्यांच्याबरोबर नाहीसा होत चालला आहे. तो राखण्याचा एक उत्तम उपाय तुमच्यासारख्या मुलांच्या हाती आहे, असे माझे मत आहे. तो उपाय म्हणजे त्या गाडीची मापात बसणारी लहान प्रतिकृती करणे. हे वाचून काही वडीलधारी मंडळी हसतील. त्यांच्या हसण्याचा विचार पुढे करू. आधी एका लहान आगगाडीची ओळख करून घेऊ.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग १८६० च्या सुमारास या भागात आला, परंतु तो बार्शीपासून दूर अंतरावरून गेला. जवळच्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डुवाडी. स्थानकाच्या नावात बार्शी होती. प्रत्यक्ष बार्शी मात्र तेथून एकवीस-बावीस मैलांवर! कापसाच्या गाठी बैलगाडीत घालायच्या आणि धुळीतून, चिखलातून स्थानक गाठायचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही अडचण पाहिली. येथे अडीच फूट रुंदीचा हलका रूळमार्ग घालावा, अशी त्याची कल्पना होती. १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली.

आता या गाडीत विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. लहान गाड्या त्यापूर्वीही होत्या. विशेष आहे तो कॅलथ्रॉपच्या हिशेबात, आणि तो हिशेब समजून घेण्याजोगा आहे. रुळावर भार पडतो तो चाकांच्या आसांमधून. इंजिन फार जड आणि डबे हलके असतील, तर केवळ इंजिनासाठी जाड रूळ घालावे लागतात. इंजिन पुढे गेले की त्या जाड रुळांची शक्ती वाया जाते. कॅलथ्रॉपने ठरविले की, इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा भरलेली वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. पालखीचे ओझे भोई जसे खांद्याखांद्यावर वाटून घेतात, तसाच हा प्रकार. म्हणून त्याच्या वाघिणीला दोनऐवजी चार आस आले आणि ती मालासकट वीस टनांची झाली. इंजिन लीड्स शहरातील किटसन यांच्या कारखान्यात तयार झाले. त्याला एकमेकांस जोडलेली आठ चाके आणि मागे चार लहान चाके, म्हणजे एकूण सहा आस होते. सहा पाचे तीस. इंजिनाच्या वजनाची मर्यादा याप्रमाणे आपोआपच ठरली. या सर्वांस पुरणारा रूळ यार्डाला अवघा तीस पौंड वजनाचा होता. आज मुख्य मार्गावर मीटरला साठ किलो वजनाचा रूळ घालतात. बार्शीचा रूळ त्याच्या चौथ्या हिश्श्याचा होता. गाडी इकडे पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून तिची परीक्षा घेण्यात आली आणि ती पाहण्यास जाणकार लोक जमले. बार्शीच्या कापसासाठी योजलेली गाडी प्रथम इंग्लंडमध्ये धावली, ही गोष्ट किती बार्शीकरांना ठाऊक असेल?

पुढे हा मार्ग वाढत गेला. एका बाजूस तो पंढरपुरास पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची या गाडीशी ओळख झाली. दुसऱ्या बाजूस तो १९११ पर्यंत लातुरास गेला. १९२७ साली पंढरपूर ते मिरज हा भाग जोडला गेला. दोनशे मैलांहून अधिक लांबीचा हा अरुंद मार्ग आजच्या लातूर, धाराशिव, सोलापूर व सांगली या चार जिल्ह्यांतून धावू लागला. १९५४ साली तो सरकारने विकत घेतला. (माथेरानच्या डोंगरावर १९०७ पासून चढणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांची रचनाही याच कॅलथ्रॉपची.)

बार्शीची गाडी आज नाही. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने हा सर्व मार्ग रुंद करण्यात आला. जुन्या गाडीविषयी लिहिणारे पुष्कळ लोक येथे उसासे टाकतात. मला तसे करावेसे वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात पाण्याचा हंडा मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी याच वाटेने लातुरास गेली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. पन्नास हजार लिटर म्हणजे पन्नास टन. एकेका वाघिणीतील पाणीच जुन्या दोन भरलेल्या वाघिणींहून जड! अडीच फुटी रुळांच्या आवाक्यातील हे काम नव्हते. मार्ग रुंद झाला हे योग्यच झाले. खेद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. जुने रूळ उखडताना त्या स्थानकांची, डब्यांची, पाण्याच्या टाक्यांची मोजमापे आपण गावकऱ्यांनी नीट टिपून ठेवली नाहीत. गाडी जाणे अटळ होते. तिची आठवणही पुसट व्हावी, हे मात्र अटळ नव्हते.

याच कॅलथ्रॉपच्या मार्गदर्शनाखाली इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याचा एक चिमुकला लोहमार्ग बांधला गेला. रुंदी तीच, अडीच फूट. लांबी जेमतेम आठ मैल. तो १९०४ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. पुरते तीस वर्षांचे आयुष्य. रूळ काढले गेले आणि त्या वाटेवरून लोक फिरावयास जाऊ लागले. असे असूनही तेथील हौशी मंडळी आजवर त्या गाडीच्या प्रतिकृती करीत आली आहेत. तिची इंजिने, तिचे डबे, खोऱ्यातील स्थानके ही सर्व त्यांनी टेबलावर मावतील एवढी करून पुन्हा चालविली. ज्यांनी ती गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, त्यांनाही तिच्या दिव्याचा आकार ठाऊक असतो. आठ मैलांच्या गाडीला हे भाग्य लाभले. दोनशे मैलांच्या तिच्या थोरल्या बहिणीला ते लाभू नये काय?

आता हसणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप असा, की हा सारा खेळ आहे. याचे उत्तर देण्यापूर्वी खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद सांगितला पाहिजे. खेळण्यात मापाला महत्त्व नसते; प्रतिकृतीत मापच सर्व काही. आगगाड्यांच्या प्रतिकृतींत एकास सत्याऐंशी हे प्रमाण जगभर रूढ आहे. म्हणजे खऱ्या गाडीतील सत्याऐंशी मिलिमीटर हे प्रतिकृतीत एक मिलिमीटर होतात. दुकानात मिळणारे या प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. पाटीवर गुणाकार करून पाहा : उत्तर सुमारे १४३५ येईल. ही युरोप-अमेरिकेतील सर्वसामान्य रूळमार्गांची रुंदी. आपला रुंद मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरांचा; त्याला सत्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीसच्या जवळ उत्तर येते. याचा अर्थ असा, की विकत आणलेल्या रुळांवर आपली डेक्कन क्वीन ठेवली, तर ती परक्या अंगरख्यात शिरल्यासारखी दिसेल. बार्शीच्या गाडीचे दैव याहून बरे. तिची रुंदी ७६२ मिलिमीटर. भागाकार पावणेनऊच्या आसपास. दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात. ते तिला जवळजवळ बरोबर बसतात. खेळ म्हणा हवा तर, परंतु त्रैराशिक, भूगोल व इतिहास एकाच टेबलावर मांडणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अर्धा खरा आहे. विजेवर चालणारी इंजिने परदेशांतून येतात आणि त्यांच्या किमती सामान्य कुटुंबास झेपणाऱ्या नसतात. पुण्यास कोथरूड भागात जोशी कुटुंबाने उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहावयास मिळू लागले. एका चिमुकल्या शहरात गाड्या सिग्नल पाळत कशा येतात-जातात, हे तेथे मुले तासन्‌तास पाहतात. एवढे वैभव सर्वांना शक्य नाही. पण गाडी धावलीच पाहिजे, असे कोणी सांगितले? पुठ्ठा, खळ, आगकाड्या, झाडूच्या काड्या आणि एक चांगली पट्टी एवढ्या सामग्रीवर स्थानक उभे राहते, डबा तयार होतो. इंजिनाची नळी जुन्या लेखणीच्या टोपणाचीही होते. उभी राहिलेली गाडीही इतिहास सांगते, किंबहुना धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक सावकाश सांगते.

मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनात दोन गाड्या मांडल्या गेल्या. एक बाजारातून आणलेली, चकचकीत, शिटी वाजवीत गोल फिरणारी. दुसरी सातवीतील एका मुलाने पुठ्ठ्याचा केलेला अरुंद मार्गावरील एकच डबा. गर्दी अर्थातच पहिलीभोवती जमली. दुसऱ्या मुलाला मी विचारले, “खिडक्या इतक्याच कशावरून?” त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. त्याचे आजोबा रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत कामास होते. त्यांनी खिडक्यांची एक संख्या सांगितली. शेजारच्या वृद्ध गार्डने दुसरी. दोघांचा चांगलाच वाद झाला. मुलगा वही घेऊन घरोघर फिरला. अखेर एका घरी लग्नाच्या वऱ्हाडाचे छायाचित्र निघाले. वऱ्हाड फलाटावर उभे होते आणि मागे सबंध डबा आला होता. नवरदेवाच्या फेट्यामागे एक खिडकी झाकली गेली होती, तीही त्याने हिशेबात धरली होती. आजोबा आणि गार्ड या दोघांचेही उत्तर चुकीचे ठरले! पुरावा गोळा करणे, दोन साक्षी जुळत नसतील तर तिसरी शोधणे, जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधताना सावध राहणे, हेच तर इतिहासकाराचे काम. परीक्षकांनी बक्षीस शिटी वाजविणाऱ्या गाडीला दिले. परीक्षकांचे मत मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही.

तुमच्यापैकी कोणास हे काम करावेसे वाटले, तर एक गोष्ट शिक्षकाच्या अधिकाराने सांगतो. मोजमाप घेण्यासाठी रुळांवर उतरावयाचे नाही. चालू स्थानकात स्टेशनमास्तरांची परवानगी घ्यावी, बरोबर मोठे माणूस असावे, आणि पडक्या इमारतीत शिरू नये. बाहेरून भिंत मोजता येते. विटांचे थर मोजून उंचीही काढता येते. अरुंद मार्गावरील खरी इंजिने व डबे पाहावयाचे असतील, तर नागपुरास मोतीबाग येथे त्यांचे संग्रहालय आहे, आणि दिल्लीस १९७७ साली उघडलेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पण ही दोन्ही ठिकाणे दूर आहेत. त्यांच्याही आधी जावे अशी ठिकाणे तुमच्या गल्लीत असतील.

बार्शी मार्गावर वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे, सांधे बदलणारे, कंदील दाखविणारे लोक आता फार वृद्ध झाले आहेत. कुर्डुवाडीच्या कारखान्यात ज्यांनी ही इंजिने खोलली आणि जोडली, त्यांतील कित्येक जण आज हयात नाहीत. डब्यांना रंग कोणता होता, पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या टोकास होती, पावसाळ्यात गाडी कोठे अडत असे, एकादशीला किती डबे जोडीत, हे ज्यांना सांगता येईल अशी माणसे प्रत्येक गावात दोन-चारच उरली असतील. येत्या सुट्टीत वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन त्यांच्या ओसरीवर जा. दुपारी त्यांची झोप झाल्यावर जावे, म्हणजे ते निवांतपणे बोलतील.