फ्लेम एंजल घेण्याआधी थोडं गणित

खाऱ्या पाण्याचा टँक पाळणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक मोह होतो. प्रवाळं रुजलेली असतात, कॅल्शियम-अल्कलिनिटीचे आकडे स्थिर असतात, क्लाउनफिशची जोडी रुळलेली असते. मग वाटतं, आता एक देखणा मासा हवा. दुकानात समोरच फ्लेम एंजल पोहत असतो. शेंदरी अंग, काळे उभे पट्टे, पंखांच्या टोकांना निळी झाक. खाली चिठ्ठी असते: 'रीफ सेफ, विथ कॉशन'.

माझं मत आधीच सांगते. ज्या टँकमध्ये सगळ्या प्रकारची प्रवाळं एकत्र आहेत, तिथे हा मासा 'सोडून तर बघू' म्हणून सोडू नये. सोडायचाच असेल तर काय गमवायची तयारी आहे, हे घरात बोलून ठरवावं आणि मगच पाकिटाला हात घालावा.

आधी या माशाची ओळख. लहानपणी शेजाऱ्यांच्या काचेच्या पेटीत पाहिलेला त्रिकोणी एंजलफिश हा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा. आपला हा समुद्री मासा सेंट्रोपायजी या प्रजातीतला आहे. फ्लेम, कोरल ब्यूटी, लेमनपील हे सगळे एकाच घरचे, आणि बहुतेक तळहातात मावतील एवढे. गालावरचा काटा ही या कुळाची खूण. दिवसभर खडकांवरून फिरत शेवाळ, त्यातला गाळ आणि बारीक जीव खुडत राहणं हा त्यांचा व्यवसाय. एक नर आणि त्याच्या काही माद्या एक इलाखा धरून राहतात. नर गेला तर सर्वांत मोठी मादी नर होते.

आता अडचण कुठे येते ते बघा. मासळ प्रवाळांवर श्लेष्माचा थर असतो आणि त्यात अन्नाचे कण अडकतात. दिवसभर खुडत फिरणाऱ्या माशाला खडक आणि प्रवाळ यांत फार फरक वाटत नाही. त्याच्या एका चाव्याने प्रवाळ मरत नाही. पण दर दहा मिनिटांनी कोणी टोचत असेल, तर ते अंग आक्रसून घेतं. त्याच्या ऊतींत राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. अंग मिटलेलं राहिलं की प्रकाश कमी मिळतो, आणि प्रवाळ काही आठवड्यांत उपासमारीने खंगतं. लोबोफायलिया, ट्रॅकीफायलिया, झोअँथिड आणि ट्रायडॅक्ना शिंपले यांना हा धोका जास्त, तर बारीक पॉलिपच्या फांद्यावाल्या प्रवाळांना कमी.

"पण माझ्या ओळखीच्या पाचही जणांचा मासा काही करत नाही," असं तुम्ही म्हणाल. इथे थोडं गणित करू. समजा, या जातीतले शंभरातले ४५ मासे चावरे आहेत. तरीही यादृच्छिक निवडलेले पाचही मासे साधे निघण्याची शक्यता ०.५५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५ टक्के येते. म्हणजे पाच चांगल्या अनुभवांवरून तुम्ही फार तर एवढंच म्हणू शकता की धोका बहुधा ४५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. धोका १० टक्क्यांच्या आत आहे असं तितक्याच खात्रीने म्हणायला एकही वाईट अनुभव नसलेली सुमारे ३० उदाहरणं लागतात. शिवाय ती निवडून घेतलेली नकोत. ज्यांचा मासा शहाणा निघाला ते फोटो टाकतात. ज्यांचा चावरा निघाला ते तो गुपचूप दुकानात परत देतात.

यामुळेच 'रीफ सेफ' हा शब्द मला खटकतो. सुरक्षितपणा हा जातीचा गुणधर्म असल्यासारखा तो छापला जातो. प्रत्यक्षात तो तो विशिष्ट मासा, टँकचा आकार, मिळणारं खाणं आणि शेजारची प्रवाळं या सगळ्यांवर ठरतो. वर्षभर साधा राहिलेला मासाही पुढे चाव्यांची सवय लावून घेऊ शकतो. आणि एकदा खडकांत शिरलेला एंजल जाळीने पकडायचा म्हणजे अर्धा रीफ उपसायचा.

दुसरी बाजूही खरी आहे. अनेकांच्या टँकमध्ये हा मासा वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदतो, आणि खडकांवरचं शेवाळही थोडंफार खुडतो. फक्त मऊ प्रवाळं किंवा फांद्यावाली प्रवाळं असतील, तर मी स्वतःही विचार करेन. माझा आक्षेप माशावर नाही, दुसऱ्याच्या जिवावर जुगार खेळण्यावर आहे.

कारण शॉमबर्गमध्ये समुद्र हजार किलोमीटरहून दूर आहे. नळाला येतं ते मिशिगन सरोवराचं गोडं पाणी. ते गाळून, मीठ घालून, दिवे लावून आपण तळघरात समुद्र उभा करतो. त्यातला प्रत्येक जीव आपल्या निर्णयाने इथे आलेला असतो. फ्लेम एंजल किरिबाती किंवा मार्शल बेटांजवळून विमानाने येतो. आणि ज्या दगडी प्रवाळाचा तुकडा आपण इथे क्रेडिट कार्डावर घेतो, त्याला भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जागा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून प्रवाळ पाहता येतं, घरी आणता येत नाही. इथे कायद्याने मुभा आहे म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, तर एवढं करा. टँक किमान ७० गॅलनचा आणि भरपूर कपारींचा असू द्या. मासा सर्वांत शेवटी सोडा, कारण आधी आलेला एंजल घर आपलंच समजतो. एका टँकमध्ये एकच एंजल ठेवा. चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून तो नोरी आणि मायसिस खातो ना, हे बघा. नंतरही दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला घाला. माशाचा सापळा आधी विकत घ्या, मासा नंतर. परत घेणारं दुकान किंवा मित्र आधी ठरवा. पैदास केलेला मासा मिळाला तर त्यालाच पसंती द्या. या माशांची पिल्लं इतकी बारीक असतात की नेहमीचे रोटिफरही त्यांच्या तोंडात मावत नाहीत. हवाईत फ्रँक बेंश यांनी या शतकाच्या सुरुवातीला ती वाढवून दाखवली, ती कोपेपॉडची अगदी सूक्ष्म पिल्लं खाऊ घालून. त्या मेहनतीची किंमत जास्त असते आणि ती द्यावी.

आणि तुमच्याकडे जुनं, लाडकं ट्रॅकीफायलिया किंवा ट्रायडॅक्ना असेल, तर उत्तर सोपं आहे. फ्लेम एंजल दुकानातच बघा, किंवा शिकागोच्या शेड मत्स्यालयात 'वाइल्ड रीफ' दालनाला एक फेरी मारा. घरच्या टँकसाठी रॉयल ग्रामा घ्या. तोही देखणा आहे आणि प्रवाळांच्या वाटेला जात नाही.