झीरो बघितला, पाइप नाही

पेट्रोल पंपावर आपण गाडीतून उतरतो तेच संशय घेऊन. पोरगा म्हणतो, "झीरो बघा साहेब." साहेब झीरो बघतात, मग पळत्या आकड्यांवर डोळा ठेवतात. माप कमी वाटलं तर वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागवता येतं आणि भेसळ वाटली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघता येतो, हे बऱ्याच जणांना पाठ असतं. पोराच्या हातात पाइप कुठला आहे, हे मात्र कुणी बघत नाही.

आमच्या मेहुण्यानं नाही बघितलं. सातारा रस्त्यावरचा गर्दीचा पंप, गाडी डिझेलची, मागच्या सीटवर सासूबाई. टाकी फुल करायला सांगून हा मोबाइलवरून पैसे देत होता. पावती हातात आली आणि दर चढा दिसला. नीट वाचलं तर 'पेट्रोल'. मॅनेजर आला, पोराला दोन शब्द सुनावले आणि मेहुण्याला म्हणाला, "जरा गाडी बाजूला घ्या, मागे लाइन आहे."

माझ्या मते पंपावरचं सगळ्यात महाग वाक्य हेच. टाकीत चुकीचं तेल पडलं एवढ्यानं गाडीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सेल मारल्यावर. मागे हॉर्न वाजत असतात, चारचौघं बघत असतात, आणि भिडेखातर माणूस पाच फुटांसाठी गाडी सुरू करतो.

त्या पाच फुटांत काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरानं दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा फवारा सोडायचा, की ते आपोआप पेटतं. पेट्रोलचा गुण याच्या उलटा, दाबाखाली आपोआप पेटू नये असाच. पण खरा घात पेटण्याचा नाही, वंगणाचा आहे. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल मिळत नाही, त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. पेट्रोल ती ओशट साय धुऊन काढतं. धातूवर धातू घासतो, बारीक कीस सुटतो आणि तो रेलमधून थेट इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जातो. आजच्या कॉमन रेल गाड्यांत तिथला दाब हजार बारच्या वर, कित्येकदा दोन हजारांच्या आसपास असतो. आपल्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज करावा. पंप, रेल, इंजेक्टर असं सगळं बदलायची पाळी आली, तर खर्च लाखाच्या घरात जातो.

जुने फिटर हसतात यावर. त्यांच्या काळची इंजिनं काहीही पचवायची. शेतावरची पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची इंजिनं अनेकांनी पाहिली असतील. ती सहनशक्ती आता राहिली नाही. "थोडंच पडलंय, वरून डिझेल भरून टाका" हा सल्ला अजूनही मिळतो, पण तो त्या काळातला आहे. ज्याला गाडी नवी घ्यायची असेल त्यानं ऐकावा.

उलट प्रकार, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल, त्यामानानं सौम्य. गाडी झटके देते, धूर सोडते, प्लग काळे होतात, बंद पडते. साफसफाईवर बहुधा निभावतं. गंमत अशी की डिझेलचं नोझल साधारणपणे जाड असतं आणि पेट्रोलचं बारीक. म्हणजे सौम्य चूक करायला गेलं तर नोझल तोंडाशी अडण्याची निदान शक्यता असते, आणि महागडी चूक सुळकन आत जाते.

पोरांनाही फार बोलण्यात अर्थ नाही. दिवसभर उन्हात उभं राहून ती गाडीच्या तोंडावरून तेल ओळखतात. एक काळ असा होता की रांजणगावच्या कारखान्यात बनणारं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन निरनिराळ्या गाड्यांत बसायचं, तेच इंजिन परवान्यानं बनवून मारुतीही स्विफ्टमध्ये घालायची, आणि शेजारी हुबेहूब तशीच पेट्रोलची स्विफ्ट उभी असायची. फरक काय तो मागच्या अक्षरांत. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं, मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या, आणि लहान गाडी म्हणजे पेट्रोल असं पोरांच्या हातालाच बसलं. जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्यानं झाकणावर मोठा स्टिकर लावावा आणि शिवाय तोंडानंही सांगावं. नोझलच्या रंगावर तर अजिबात विसंबू नये. ब्रिटनमध्ये हिरवं म्हणजे पेट्रोल आणि काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हिरवा दांडा डिझेलचा. तिथं पाइप स्वतःच्याच हातात असतो, म्हणजे भांडायलाही कुणी नाही.

तर मेहुण्यानं किल्ली लावलीच नाही. काही गाड्यांत किल्ली नुसती 'ऑन'वर आणली तरी टाकीतली मोटर तेल पुढे ढकलायला लागते, हे त्याला ठाऊक होतं. न्यूट्रल करून गाडी ढकलली. गुडघ्यांमुळे सासूबाई उतरल्या नाहीत, त्यांच्यासकट ढकलली. शेजारच्या गॅरेजमधून फिटर हातपंप आणि ड्रम घेऊन आला. टाकी पूर्ण उपसली, थोडं डिझेल घालून खंगाळली, तेही काढलं, डिझेल फिल्टर बदलला, पाइपातली एअर काढली. गाडी पहिल्या सेलला लागली. हे काम घरी करू नये. पेट्रोलची वाफ थंडीतही ठिणगी पकडते, आणि नळी तोंडानं ओढणारे महाभाग पेट्रोल फुप्फुसात घेऊन इस्पितळात पोचतात.

खर्चावरून जुंपलीच. फिटरचे पैसे आणि नवं डिझेल मॅनेजरनं मान्य केलं, पण उपसलेलं पेट्रोल "तुमच्याच गाडीतलं" म्हणून त्याचे पैसे द्यायला तयार होईना. मेहुणा ड्रम घरी नेतो म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, मग मी एसटीनं जाते. शेवटी पैसे परत मिळाले आणि ड्रम फिटरकडे गेला, नटबोल्ट धुवायला.

आता नवी धास्ती निळ्या झाकणाची आहे. बीएस-6च्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करायला युरियाचं पाणी लागतं, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. त्याची टाकी वेगळी, पण तोंड कित्येकदा डिझेलच्या शेजारीच. हे पाणी डिझेलच्या टाकीत गेलं तर युरियाचे खडे धरतात, आणि मग फिटर ड्रम आणत नाही, टाकीच उतरवायला घेतो.