टाकाऊचा बाजार आणि जमिनीचें देणें

शेतकीच्या व्यवहारांत सध्यां एक नवें नांव वारंवार कानीं पडूं लागलें आहे. तें म्हणजे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’. विद्यापीठांच्या परिषदांत, सरकारी योजनांच्या पत्रकांत व साखर कारखान्यांच्या अहवालांत त्याचा उल्लेख नाहीं असें आतां क्वचितच घडतें. नांवाचा अर्थ सोपा आहे. एका कामांतून जें टाकाऊ म्हणून बाहेर पडतें तें दुसऱ्या कामाचा कच्चा माल व्हावें, आणि जें जेथून घेतलें तें अखेर तेथें परत जावें. ज्याच्या वाड्यामागें उकिरडा होता त्या शेतकऱ्यास ही कल्पना नवी नाहीं. त्याच्या घरीं हें चक्र पिढ्यान् पिढ्या फिरत होतें. परंतु कल्पना जुनी असली तरी तिच्यामागें उभा राहिलेला बाजार मात्र खरोखरच नवा आहे. आपल्या शेतांतील पाचट, पऱ्हाटी व तुराट्या, आणि कारखान्यांत पडणारा आपल्याच उसाचा प्रेसमड, यांस आतां गिऱ्हाईक मिळूं लागलें आहे. हें गिऱ्हाईक कोणत्या अटीवर आपल्या हिताचें ठरेल, याचा विचार जमीनधारक शेतकऱ्यानें सौदा होण्यापूर्वींच केला पाहिजे.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानांत घेऊं. साखर ही हवेंतील कर्ब आणि पाणी यांपासून उसाच्या पानांत सूर्यप्रकाशाच्या बळानें तयार होते. तिच्यांत नत्र नाहीं, स्फुरद नाहीं, पालाश नाहीं. मोलॅसिसपासून निघणाऱ्या मद्यार्काची गोष्ट तीच, आणि प्रेसमड कुजवून मिळणाऱ्या जळाऊ वायूचीहि तीच. म्हणजे पोत्यांत भरून बाजारांत जाणाऱ्या साखरेबरोबर आपल्या जमिनींतील द्रव्य जवळ जवळ कांहींच जात नाहीं. मग उसानें जमिनींतून उचललेलीं द्रव्यें जातात कोठें? तीं पाचटांत राहतात, वाढ्यांत राहतात. उरलेल्यांपैकीं स्फुरद मुख्यत्वें प्रेसमडांत व पालाश मुख्यत्वें मोलॅसिसांत उतरतो, आणि मद्यार्क काढल्यावर तो स्पेंटवॉशांत येतो. ज्यास आपण ‘टाकाऊ’ म्हणतों त्यांतच जमिनीचें सारें भांडवल आहे, आणि ज्यास आपण ‘माल’ म्हणतों तो हवा, पाणी व ऊन यांचा आहे. हा हिशेब एकदां मनांत पक्का बसला म्हणजे पुढील विचार सोपा होतो.

टाकाऊ पदार्थ जमिनीस परत कसे द्यावे याचें शास्त्र आपल्याच देशांत तयार झालें. इ. स. १९२४ सालीं इंदूर येथें इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था निघाली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांवरील आपला ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध केला, आणि ‘इंदूर पद्धति’ जगभर पसरली. पालापाचोळा, गोठ्यांतील भिजलेलें गवत, शेण, मूत्रानें मुरलेली गोठ्याची माती व राख यांचे थर उथळ खड्ड्यांत द्यावे, ओलावा राखावा, तीन वेळां खत वर-खालीं करावें आणि तीन महिन्यांत तें शेतांत न्यावें, अशी ती पद्धति होती. पऱ्हाटी कठीण व लवकर न कुजणारी. म्हणून ती शेतांतील रस्त्यांवर पसरून जनावरांच्या पायांखालीं व गाड्यांच्या चाकांखालीं चेंचून घेण्याची युक्ति त्यांनीं योजिली. पुढें १९३९ च्या सुमारास बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत डॉ. सी. एन. आचार्य यांनीं शहरचा केरकचरा व मैला यांचें खत वर-खालीं न करतां तयार करण्याची रीति बसविली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं भोंकें ठेवलेल्या विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धति काढली. तींत सुमारें १०० किलो शेणावर दीड टनापर्यंत काडीकचरा कुजवितां येतो. गोठ्यांतील जनावरें कमी होत चाललेल्या काळांत तिचें महत्त्व उघड आहे.

या सर्वांचा निष्कर्ष पिकावर काय दिसतो, हेंहि पाहिलें गेलें आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत काळ्या जमिनींत ज्वारी व गहूं यांवर दीर्घ मुदतीचा खतप्रयोग सुरू झाला. रासायनिक खताच्या पूर्ण मात्रेबरोबर शेणखत दिलेल्या वाफ्यांत उत्पन्न अधिक टिकलें आणि जमिनींतील सेंद्रिय कर्बहि वाढला, असें त्यांत दिसून आलें. सेंद्रिय कीं रासायनिक या वादांत रमणाऱ्यांनीं हा निष्कर्ष लक्षांत ठेवावा. प्रयोगानें दोहोंची जोड श्रेष्ठ ठरविली आहे.

आतां आपल्या पाचटाचा जमाखर्च मांडूं. एक हेक्टर उसांतून सामान्यतः ८ ते १० टन वाळलेलें पाचट निघतें. त्यांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र, ०.२ भाग स्फुरद, पाऊण ते एक भाग पालाश आणि ३२ ते ४० भाग सेंद्रिय कर्ब असतो. १० टन पाचट धरलें तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश व तीन ते चार टन कर्ब, इतका तो ऐवज झाला. पोत्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर युरियाचीं जवळ जवळ अडीच पोतीं, सिंगल सुपर फॉस्फेटचीं अडीच पोतीं व म्युरिएट ऑफ पोटॅशचीं अडीच ते सव्वातीन पोतीं. आणि हें शेवटचें खत तर आपला देश परदेशांतून विकत आणतो. पाचटास काडी लावली म्हणजे यांतील नत्र व कर्ब जवळ जवळ सर्व हवेंत जातात, आणि राखेंतील पालाश वाऱ्यावर व पहिल्या पाण्याबरोबर बराचसा निघून जातो. अर्ध्या तासाच्या आगीची ही किंमत आहे.

पाचट न जाळण्याची रीतिहि अवघड नाहीं. खोडव्याच्या एकाआड एक सरींत किंवा सर्व सरींत पाचट पसरावें. दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणाऱ्या जिवाणूंचें संवर्धक टाकून पाणी द्यावें, अशी शिफारस आहे. युरिया कशाला, असें कोणी विचारील. पाचटांत एका भाग नत्रास सुमारें सत्तर भाग कर्ब असतो. त्यास कुजवितांना जिवाणूंना स्वतःसाठीं नत्र लागतो, आणि बाहेरून न दिल्यास ते तो जमिनींतूनच घेतात; मग खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटास दिला जातो.

अशा या ऐवजास जीं नवीं गिऱ्हाइकें आलीं आहेत त्यांचे दोन वर्ग पडतात, आणि आमच्या मतें सर्व विवेक या दोन वर्गांचा भेद ओळखण्यांत आहे. पहिला वर्ग वस्तु कुजवून वायु काढणारांचा. केंद्र सरकारनें २०१८ सालीं ‘सतत’ योजना काढून दाबलेल्या जैववायूस उत्तेजन दिलें. तेव्हांपासून प्रेसमडास मागणी वाढली. या कामांत प्रेसमडांतील कर्बाचा कांहीं भाग वायुरूपानें जातो, परंतु नत्र, स्फुरद व पालाश मागें उरलेल्या रबडींत कायम राहतात, आणि न कुजलेला टिकाऊ कर्बहि राहतो. म्हणजे अर्क विकून चोथा परत मिळण्याची येथें सोय आहे. दुसरा वर्ग वस्तु जाळणारांचा. पऱ्हाटीचे वा पाचटाचे ठोकळे दूरच्या बॉयलरांत गेले कीं नत्र व कर्ब संपले, आणि पालाशयुक्त राख भलत्याच गांवीं पडली. पहिल्या गिऱ्हाइकाशीं परतफेडीचा करार करतां येतो. दुसऱ्याशीं केलेला सौदा हा जमिनीचें भांडवल विकण्याचा सौदा होय, आणि भांडवल विकतांना त्याची किंमत भांडवलाप्रमाणेंच घेतली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. मजूर मिळत नाहींत, पाचट पसरण्यास दिवस लागतात, शेजाऱ्याच्या बांधावरून आग येते, पाचटांत उंदीर होतात, आणि इकडे व्यापारी यंत्र आणून शेत साफ करून वर रोख पैसे देतो. अशा स्थितींत शेतकऱ्यानें विकूं नये तर काय करावें? आमचें म्हणणें विकूंच नये असें नाहीं. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीस आश्रय मिळतो, हें कापूस उत्पादक जाणतात. तिची कुट्टी करून जमिनींत घालणें उत्तम. तें शक्य नसेल तर रचून ठेवण्यापेक्षां विकलेली बरी. परंतु विकतांना दर कशाच्या आधारें ठरतो? व्यापारी जळणाच्या भावानें मागतो आणि आपण कचऱ्याच्या भावानें देतों. खताच्या पोत्यांचा वर दिलेला हिशेब हातीं असेल तर बोलणी निराळी होतील. शिवाय मजुरीचा प्रश्न एकट्यादुकट्यानें सुटणारा नाहीं. ट्रॅक्टरवर चालणारें पाचट कुट्टीचें यंत्र गांवच्या संस्थेनें घेऊन भाड्यानें दिलें, तर दिवसांचें काम तासांवर येतें.

प्रेसमड व स्पेंटवॉश यांच्या बाबतींत आपली बाजू अधिक बळकट आहे, कारण आपल्यापैकीं अनेक जण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. एक टन उसामागें साधारण ३० ते ४० किलो प्रेसमड निघतो. स्पेंटवॉश जाळून उरणाऱ्या राखेपासून शेंकडा १४.५ भाग पालाशाचें खत करतात, आणि २०२१ सालीं त्याचा समावेश सरकारी अनुदानाच्या खतांत झाला. वायु काढून उरलेल्या रबडीच्या खतासहि २०२३ सालीं टनास १५०० रुपये साहाय्य मंजूर झालें. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण आपल्याच शेतांतून गेलेला पालाश आपणांस पोत्यांतून विकत मिळणार असेल, तर प्रक्रियेचा खर्च व वाजवी नफा देऊं. द्रव्याची किंमत दुसऱ्यांदा देण्याचें कारण नाहीं. आणि तें पोतें दूरच्या बाजारीं जाण्यापूर्वीं ज्या शेतांतून ऊस आला त्या शेतांचा हक्क पहिला मानला गेला पाहिजे.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली कारखान्यांस: उसाच्या नोंदीच्या करारांत परतफेडीचें एक कलम घालावें. सभासदानें घातलेल्या दर टन उसामागें किती प्रेसमड, रबडी वा राखेचें खत त्यास परत मिळेल व कोणत्या दरानें, हें त्यांत स्पष्ट लिहावें. आणि येत्या सर्वसाधारण सभेंत सभासदांनीं हा विषय मांडावा. दुसरी आपल्या राज्यांतील चारहि कृषि विद्यापीठांस: टाकाऊपासून नवी वस्तु करण्याचें जें संशोधन प्रसिद्ध होईल, त्यासोबत शेतांतून किती द्रव्यें जातात व किती परत येतात याचा तक्ता साध्या मराठींत द्यावा. ज्या शोधानें कारखान्याचें चक्र पूर्ण होतें पण शेताचें तुटतें, त्यास चक्रीय म्हणूं नये. तिसरी सूचना आपण आपणांसच करावयाची आहे: खोडवा राखावयाच्या शेतांतील पाचट विकूं नये व जाळूं नये, आणि इतर जें विकावयाचें तें जमिनीची परतफेड किती झाली हें पाहूनच विकावें.

सावकाराचें देणें वर्षाला दारांत येऊन उभें राहतें, म्हणून तें आपण विसरत नाहीं. जमीन मागावयास येत नाहीं. ती उत्पन्न थोडें थोडें कमी करीत जाते, आणि तें आपल्या ध्यानांत येईपर्यंत मुलाच्या हातीं शेती गेलेली असते. टाकाऊच्या बाजारांत आतां चांगला पैसा येणार आहे. त्यांतील पहिला वाटा जमिनीचा, ही अट आज सौदे नवे असतांना घालतां येईल. दहा वर्षांनीं करार जुने झाल्यावर ती घालणें फार अवघड जाईल.