मोडीत निघालेली अक्षरे

कचेऱ्यांतून टंकलेखन यंत्र हद्दपार झाले, याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. संगणकाने लिपिकाचे कष्ट कमी केले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु यंत्र भंगारात देताना त्यावरील अक्षरेही भंगारात जातात, याचे भान फारसे कोणी ठेवलेले दिसत नाही. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील देवळीसारख्या तालुक्याच्या गावी तरी या प्रश्नाचा विचार आस्थेने व्हावयास हवा. मोठ्या छापखान्यांच्या खिळ्यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागराच्या वळणाची कीर्ती सर्वज्ञात आहे. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर ग्रंथ सिद्ध केला. तालुक्याच्या कचेरीतील यंत्राच्या अक्षराला मात्र असा चरित्रकार लाभला नाही.

वास्तविक हे अक्षर अडचणीतून घडलेले आहे. रोमन लिपीसाठी जन्मलेल्या यंत्रावर चिन्हांची संख्या शंभराच्या आतच राहते, आणि देवनागरीची जोडाक्षरे तर शेकड्यांनी मोजावी लागतात. यावर तोड म्हणून ख, घ, भ, ण अशी अक्षरे काना वगळून कळेवर बसविण्यात आली. एक ठोका अक्षराच्या अंगाचा आणि दुसरा कान्याचा, असे दोन ठोके पडल्यावर अक्षर पुरे होई. हा सांधा नेमका जुळला नाही, की मध्ये केसाएवढी फट राही. जुन्या अर्जातील ‘भ’ अथवा ‘ख’ भिंगाखाली पाहावा. ती फट आजही दिसेल. यंत्र ओळखण्याची पहिली खूण तीच.

वर्धा जिल्ह्याला तर या विषयाशी निराळेच नाते आहे. १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकर प्रभृतींनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी स्वरांची लेखनपद्धती, समितीच्या प्रकाशनांतून वापरली गेली. खिळ्यांची आणि कळांची संख्या घटावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. यंत्रासाठी लिपीने किती वाकावे, हा वाद येथे केवळ पुस्तकी नव्हता. शिवाय १९५६ पर्यंत हा जिल्हा हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या मध्यप्रदेशात होता. अ, ल, श या अक्षरांची मराठी आणि उत्तर हिंदुस्थानी वळणे भिन्न आहेत. म्हणून एखाद्या जुन्या कागदावरील ‘ल’ पाहून यंत्र कोणत्या वळणाचे, याचा तर्क करता येतो. अर्थात एवढ्यावरून निर्णय देणे घाईचे ठरेल.

अशा अक्षरांची पुनर्निर्मिती करावयाची तर शिस्त हवी. प्रथम नव्या फितीने, पातळ कागदावर, प्रत्येक कळेचे हलके आणि जोरदार असे अनेक ठसे घ्यावेत. कळेच्या टोकावरील उलट्या अक्षराचे छायाचित्र काढावे. शाईचा फुगवटा कोणता आणि धातूची मूळ रेषा कोणती, हे या दोहोंच्या तुलनेने कळते. झिजलेले अक्षर सुधारावे की झिजलेलेच ठेवावे, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे प्रामाणिक उत्तर एकच: दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, आणि तुटलेल्या अक्षराच्या जागी बेतलेले अक्षर आपल्या कल्पनेचे आहे हे स्पष्ट लिहावे. संगणकावर सुबक अक्षर काढून त्याला ‘जुने’ म्हणणे ही जीर्णोद्धाराच्या नावाखाली केलेली मोडतोड होय.

हा उद्योग कशासाठी, असे कोणी विचारील. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर महाराष्ट्राचा कारभार मराठीतून वाढत गेला, तो या यंत्रांच्या ठोक्यांवर. जमिनीच्या, नोकरीच्या, वारसाच्या असंख्य कागदांचा खरेखोटेपणा पुढेही तपासावा लागणार आहे. प्रत्येक यंत्राची झीज निराळी असते आणि तीच त्याची साक्ष असते. यंत्र गेले, तर तुलनेसाठी हाती काय उरणार? अशा हुबेहूब अक्षरांचा उपयोग बनावट कागद रचण्यासाठीही होऊ शकतो, ही भीती निराधार नाही. परंतु तिच्यावरील उपायही मूळ ठशांची तारीखवार नोंद हाच आहे.

यासाठी मोठे अनुदान लागत नाही. शाळेच्या अडगळीतील यंत्र विकण्यापूर्वी शिक्षकाने चार विद्यार्थी हाताशी घेऊन त्याचे ठसे घ्यावेत, कोणत्या कार्यालयात ते किती वर्षे चालले हे लिहावे आणि तो कागद ग्रंथालयात ठेवावा. अवघ्या एका दुपारचे हे काम आहे. भंगारवाल्याकडे वजनाने गेलेले अक्षर मात्र कोणत्याही मोलाने परत मिळत नाही.