लाकडाला परवाना, हाताला काय?

बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले देवनहळ्ळी हे गाव गेल्या दोन दशकांत कर्नाटकाच्या औद्योगिक महत्त्वाकांक्षेचे दर्शनी दालन बनले आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान एवढीच ज्याची बाहेरच्या जगाला ओळख होती, त्या परिसरात मे २००८मध्ये विमानतळ सुरू झाला. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. १९ जानेवारी २०२४ रोजी याच तालुक्यात बोईंग कंपनीच्या ४३ एकरांवरील, सोळाशे कोटी रुपये खर्चाच्या अभियांत्रिकी केंद्राचे लोकार्पण झाले आणि त्याच समारंभात मुलींना विमानोद्योगाकडे वळवणाऱ्या कार्यक्रमाची घोषणाही झाली. कौशल्य हा शब्द या तालुक्यातील प्रत्येक कोनशिलेच्या भाषणात ऐकू येतो. हे कौशल्य नेमके कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये शिरणाऱ्या प्रवाशाची नजर प्रथम वर जाते. तेथील छत प्रक्रिया केलेल्या बांबूचे आहे. अशा बांबूच्या पट्ट्या काढाव्या लागतात, त्या ठरावीक ओलाव्यापर्यंत वाळवाव्या लागतात, रंधून एकसारख्या कराव्या लागतात आणि मग चिकटवून दाबाव्या लागतात. इमारती लाकडाची वाटचालही याच टप्प्यांतून होते. दारे, चौकटी, फर्निचर आणि मालवाहू खोकी यांची शहराची भूक वाढली की आरा गिरण्या, वाळवण भट्ट्या आणि रंधा यंत्रे यांवरचे काम वाढते. या यंत्रांवर उभा असलेला मजूर बहुधा बिहार, ओडिशा किंवा आसामातून आलेला असतो. तो काम शिकतो ते शेजारच्याचे पाहून. विमानाचा सुटा भाग घडवणाऱ्या हातासाठी ज्या तालुक्यात संस्था उभ्या राहतात, तेथे लाकूड घडवणाऱ्या हातासाठी शिक्षणाचा मार्ग नाही.

वाळलेल्या लाकडाला वेगळे प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न येथे कोणी विचारील. ओल्या लाकडातील ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ते आक्रसू लागते, आणि तेही सर्व दिशांनी सारखे नव्हे. वार्षिक वलयांच्या रोखाने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने. वाळवण घाईने केली तर फळीचा वरचा थर आधी सुकून ताठरतो, आतला ओला राहतो आणि फळीच्या पोटात ताण साठतो. बाहेरून निर्दोष दिसणारी अशी फळी करवतीखाली गेली की तो ताण मोकळा होतो, चीर मिटू लागते, पाते आवळले जाते आणि फळी उलट कामगारावर फेकली जाते. भट्टीवाल्याची चूक अशा रीतीने करवतीवाल्याच्या अंगावर येते. ओलावा मोजणे, फळीचा कल ओळखणे, पात्यामागचे दुभाजक पाते न काढणे, आवरण जागेवर ठेवणे या गोष्टी नुसत्या अंगवळणी पडून येत नाहीत. त्यांमागचे कारण कोणीतरी समजावून सांगावे लागते.

दुसरा धोका धुळीचा. वाळलेले लाकूड कापताना उडणारा भुसा अधिक बारीक आणि हलका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना १९९५ सालीच माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरणाऱ्या घटकांत केली आहे. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. ही धूळ पेटते आणि तिचा स्फोटही होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ सालच्या जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोन आरा गिरण्या अशाच स्फोटांत उद्ध्वस्त झाल्या आणि प्रत्येकी दोन कामगार मृत्युमुखी पडले. किडीने मारलेल्या, उभ्यानेच वाळून गेलेल्या झाडांचे अतिशुष्क लाकूड तेथे कापले जात होते. यंत्रे जुनीच होती, लाकूड बदलले होते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. भारतीय राज्यसंस्थेला आरा गिरणी चांगलीच ठाऊक आहे, पण ती वनगुन्ह्याची संभाव्य जागा म्हणून. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीविना चालणारी, आरा गिरण्यांसह सर्व वनेतर कामे तात्काळ थांबवण्याचा आदेश दिला. ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील सर्व विनापरवाना आरा गिरण्या, व्हिनिअर व प्लायवूडचे उद्योग बंद झाले. विदर्भातील वनाधिकाऱ्यांना आणि वखारवाल्यांना ते दिवस आजही आठवत असतील. २००२मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीवाचून नवी गिरणी उघडण्यास मनाई झाली. पुढे २०१६मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि राज्यस्तरीय समित्यांकडे अधिकार आले. जंगल वाचवण्यासाठी हे आवश्यकच होते, याविषयी दुमत नसावे. मात्र या साऱ्या व्यवस्थेचा मध्यबिंदू लाकूड किती उपलब्ध आहे आणि ते कोठून आले हा आहे. यंत्रावर कोण उभा आहे, हा तिचा प्रश्नच नव्हे.

तो प्रश्न कामगार कायद्याचा, असे म्हणावे तर तेथील चित्रही फारसे आश्वासक नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली १११-अ हे कलम घालून कामगाराला सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला गेला. मूळ कायद्यानुसार वीज वापरणारी आणि दहा कामगार असलेली गिरणी ‘कारखाना’ ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा वीस कामगारांवर गेली आहे. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू होतात हे खरे. परंतु मालकाने माहिती, सूचना व प्रशिक्षण पुरवावे हे कर्तव्य विशेषत्वाने सांगितले आहे ते कारखाना, खाण, गोदी, बांधकाम आणि मळे यांच्या संदर्भात. आरा गिरणी ही स्वभावतःच लहान आस्थापना. पंधरा मजुरांची गिरणी जुन्या व्याख्येत कारखाना होती, नव्या व्याख्येत ती नाही. करवत मात्र तीच आहे.

उरले कौशल्य विकास मंत्रालय. नोव्हेंबर २०१४मध्ये स्वतंत्र झालेल्या या मंत्रालयाच्या छत्राखाली योजनांची वाण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लाकूडकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याचा पिंड सुतारकामाचा. सुतारकामासाठी उद्योगाच्या पुढाकाराने फर्निचर व फिटिंग्जची कौशल्य परिषदही आहे. तिचे लक्ष नावाप्रमाणेच फर्निचरवर. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या, तेरा हजार कोटी रुपयांच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारही आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये अशी तिची रचना आहे. परंतु ती परंपरागत, स्वयंरोजगारी कारागिरासाठी आहे. गिरणीत रोजंदारीवर पट्टी करवत चालवणारा मजूर ना परंपरागत कारागीर, ना स्वयंरोजगारी. सुताराच्या हाती जी फळी येते ती ज्याने कापली, वाळवली आणि रंधली, तो या यादीत नाही.

बेंगळुरूचा विरोधाभास येथे अधिकच ठळक होतो, कारण देशातील लाकूडविद्येची राजधानी म्हणावी असे हे शहर आहे. १९३८ साली सुरू झालेल्या वन संशोधन प्रयोगशाळेतून १९८८मध्ये मल्लेश्वरम येथे काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आकाराला आली. प्लायवूड उद्योगासाठी १९६२ साली सुरू झालेल्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेने त्या क्षेत्राला कित्येक दशके तंत्रज्ञ पुरवले. काष्ठ विज्ञान संस्थेतच बीएस्से या इटालियन यंत्रनिर्मात्या कंपनीच्या सहकार्याने आधुनिक लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. या केंद्राचा रोख संगणकनियंत्रित यंत्रांकडे, म्हणजे पुन्हा फर्निचर कारखान्यांकडे. मल्लेश्वरमपासून देवनहळ्ळीपर्यंतचे अंतर तासाभराचे. पण प्रयोगशाळेतले ज्ञान गिरणीतल्या मजुरापर्यंत त्याला कळेल अशा भाषेत पोहोचवणारा दुवा नाही. हा मजूर कन्नड वाचत नाही आणि इंग्रजीही नाही, याचे भान ठेवले तर हे अंतर आणखी वाढते.

या प्रदेशाला तर त्या ज्ञानाची निकड आहे. १९८०च्या दशकातील सामाजिक वनीकरणातून कोलार आणि बेंगळुरू ग्रामीणच्या कोरडवाहू शेतांत नीलगिरी पसरली. भूजलावरील परिणामांच्या तक्रारींनंतर कर्नाटक सरकारने २०१७मध्ये तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. तरीही जे लाकूड उभे आहे, ते लगदा किंवा सरपण याहून वरच्या कामी आणायचे तर वाळवणीचे कसब हवे, कारण नीलगिरी वाळताना तडकण्यात आणि पिळवटण्यात कुप्रसिद्ध आहे. अकुशल हाती तिचे जळण होते, कुशल हाती चौकट. शेतकऱ्याला मिळणारा भावही अखेर त्या हातावर अवलंबून असतो.

सरकारला हे जमत नाही, असेही नाही. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांना आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या पंधराव्या मानकानुसार मान्य उपचार करावा लागतो, आणि त्यांतला एक उष्णतेचा: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस, सलग तीस मिनिटे. मान्य उपचाराशिवाय शिक्का नाही आणि शिक्क्याशिवाय माल परदेशी बंदरात उतरत नाही. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून जाणाऱ्या लाकडी खोक्यांनाही हाच नियम आहे. यासाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाची मान्यतापद्धती आहे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत उष्णता-उपचाराचे प्रशिक्षणही दिले जाते. आयातदार देशाला आपल्या जंगलात कीड नको आहे, म्हणून भट्टीवर जाणकार माणूस हवा, हे दिल्लीने निमूटपणे मान्य केले. त्याच आवारातील करवतीवर जाणकार माणूस हवा, असा आग्रह धरणारा आयातदार नाही.

जबाबदारी कोणाची, याचे उत्तर राज्यघटनेत शोधू गेल्यास मोठी गंमत आढळते. कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण समवर्ती सूचीत आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वनेही १९७६मध्ये त्याच सूचीत आली. दोन्ही विषय केंद्राचे आणि राज्यांचे, म्हणजे व्यवहारात परस्परांकडे बोट दाखवण्याचे. संसदेतही हीच विभागणी. वनांचा विचार राज्यसभेच्या अखत्यारीतील विज्ञान, पर्यावरण व वनविषयक स्थायी समिती करते. कामगार व कौशल्याचा विचार लोकसभेच्या अखत्यारीतील समिती. आरा गिरणीचा मजूर या दोन समित्यांच्या मधल्या मार्गिकेत उभा आहे. प्रश्नोत्तराच्या तासात लाकडाचा प्रश्न विचारला तर पर्यावरणमंत्री उत्तर देतात आणि ते उत्तर परवान्यांच्या संख्येचे असते.

मग करावे काय? नवी योजना जाहीर करणे हा दिल्लीचा आवडता उपाय. येथे त्याची गरज नाही. राज्याच्या हाती आधीच एक प्रभावी साधन आहे, ते म्हणजे परवाना. गिरणीच्या परवान्याचे नूतनीकरण करताना प्रत्येक यंत्रामागे एक प्रमाणित चालक आणि भट्टी असल्यास एक प्रमाणित भट्टीचालक अशी अट राज्यस्तरीय समित्यांना घालता येईल. यावर गिरणीमालकांचा आक्षेप असा असेल, की वनरक्षक, कामगार निरीक्षक आणि प्रदूषण मंडळ यांच्या जोडीला आणखी एक निरीक्षक येईल आणि त्याचाही हात ओला करावा लागेल. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच अट एकदम लादण्यापूर्वी तीन-चार वर्षांची मुदत द्यावी, प्रशिक्षण गिरणीच्या दारात न्यावे, ते मजुराच्या भाषेत असावे आणि त्या दिवसांची मजुरी सरकारने भरावी. विश्वकर्मा योजनेत कारागिराला रोज पाचशे रुपये देता येतात, तर गिरणीच्या मजुराला ते देण्यास तात्त्विक अडचण दिसत नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील २०१९ च्या नियमबदलानंतर चार कामगारांच्या आस्थापनेलाही उमेदवार घेता येतो. तो मार्गही खुला आहे. जर्मनीत आरा गिरणीतील लाकूडप्रक्रियेची शिकाऊ उमेदवारी तीन वर्षांची असते. तीन वर्षे आपल्याला परवडणार नाहीत. परंतु तीन वर्षे आणि शून्य दिवस यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही. २०२३मध्ये उद्घाटन झालेल्या संसदेच्या नव्या इमारतीसाठी सागवान नागपूरहून आले आणि त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहचे सागवान समारंभपूर्वक रवाना झाले. वनविकास महामंडळ, चंद्रपूरची वन अकादमी आणि चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र अशी सामग्री राज्याच्या हाताशी आहे. राज्यस्तरीय समितीची एक बैठक आणि एक शासन निर्णय एवढ्याने आरंभ होऊ शकतो. कर्नाटकाने तो बेंगळुरूच्या संस्थांच्या बळावर आधी केला, तर महाराष्ट्राने त्याचे अनुकरण करण्यात कमीपणा मानू नये. झाड तोडले तर कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा, हे प्रत्येक वनपालाला पाठ असते. करवतीवर बोटे गेली तर ती कोणाच्या खात्यावर मांडायची, हे दिल्लीतल्या एकाही मंत्रालयाने अद्याप ठरवलेले नाही.